वणव्यानंतर कोण परत येते?



उत्तराखंडातल्या कुमाऊंमधला, समुद्रसपाटीपासून दीडेक हजार मीटर उंचीवरचा चिडाचा एक उतार आज डोळ्यांसमोर धरू. मे महिन्यात तिथे वणवा लागून गेला. जूनच्या सुरुवातीला गेलात तर बुंधे पुरुषभर उंचीपर्यंत काळे, खाली राख, आणि राखेवर नव्याने गळून पडलेल्या तांबूस सुया. ऑगस्टमध्ये त्याच वाटेने गेलात तर काळ्या बुंध्यांच्या पायाशी कमरेइतका हिरवागार नेचा माजलेला. येणारे-जाणारे गाडी थांबवून फोटो काढतात आणि म्हणतात, बघा, निसर्ग किती लवकर सावरतो!

या वाक्याशी माझे भांडण आहे. तो नेचा परत आलेला नाही, कारण तो कुठे गेलाच नव्हता. आणि जंगल सावरले की नाही हे जर त्याच्याकडे बघून ठरवणार असू, तर आपण चुकीच्या साक्षीदाराची जबानी घेतो आहोत.

आधी जागा समजून घेऊ. चीड हा हिमालयाच्या खालच्या आणि मधल्या उतारांवरचा पाइन. विल्यम रॉक्सबर्गच्या नावावरून शास्त्राने त्याला पायनस रॉक्सबर्गाय म्हटले. साधारण पाचशे मीटरपासून दोन हजार मीटरच्या थोडे वरपर्यंत तो वाढतो. एकट्या उत्तराखंडात त्याची वने जवळपास चार लाख हेक्टरांवर आहेत. त्याच्या सुया तीन-तीनच्या जुडीत येतात आणि वीस ते तीस सेंटिमीटर लांब असतात. वाळून गळालेल्या सुयांना तिकडे पिरूल म्हणतात. पिरूल गळतो तो नेमका उन्हाळ्यात, हवा कोरडी आणि वारा सुटलेला असताना. त्यात राळ असते, तो सहजी कुजत नाही आणि एकावर एक असा सैल पडतो की खालून हवा खेळती राहते. चुलीत घालायला माणसाने मुद्दाम रचला असता तरी याहून चांगला रचला गेला नसता. सरकारी हिशेबात उत्तराखंडचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात.

हा वणवा बहुतेक वेळा भुईवरून जातो. पिरूल, गवत, झुडपे जाळत तो उतार चढतो. शेंड्यांपर्यंत क्वचितच पोचतो. मोठ्या चिडाची साल जाड असते, भेगाळलेली, खवल्यांची. बाहेरचे खवले जळतात, आतला जिवंत थर वाचतो. अपवाद लीसा काढलेल्या झाडांचा. लीसा म्हणजे राळ. ती काढण्यासाठी बुंध्याला जुन्या पद्धतीने खोल खाचा पाडलेल्या असतील तर आग तिथूनच आत शिरते, आणि मग चांगले पन्नास-साठ वर्षांचे झाड पुढच्या वादळात त्या खाचेपाशी मोडते. ते निसर्गाच्या नव्हे, आपल्या खात्यावर मांडायचे.

चिडाची रोपेसुद्धा चिवट असतात. बी वैशाखाच्या उन्हात फुललेल्या फळांतून उडते, पावसात रुजते, आणि त्याला उघडी, पाचोळा नसलेली माती मानवते. म्हणजे वणवा एका अर्थी त्याच्यासाठी वाफा साफ करून देतो. लहान रोप वरून जळाले तरी बुंध्यापासून पुन्हा फुटू शकते. पाइनच्या कुळात हा गुण फार थोड्यांकडे आहे. चिडाचा सर्वांत जवळचा भाऊबंद हजारो किलोमीटरवर, आफ्रिकेच्या वायव्येला अटलांटिक महासागरातल्या कॅनरी बेटांवर राहतो. तो तर मोठेपणीही, पार कोळसा झाल्यासारखा दिसत असताना, खोडावरून हिरवे धुमारे काढतो. मधल्या प्रदेशांतले दुवे नाहीसे झाले आणि ही दोन टोके उरली. वनस्पतिशास्त्रातल्या अशा गोष्टी मला कादंबऱ्यांहून जास्त रंजक वाटतात.

आता नेच्याकडे येऊ. त्या उतारावर कमरेइतका माजलेला नेचा बहुधा टेरिडियम, म्हणजे इंग्रज ज्याला ब्रॅकन म्हणतात तो असतो. अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर तो आहे. आपल्या महाबळेश्वरच्या पठारावरही आहे. जमिनीवर त्याची जी रुंद, तिकोनी, पुन्हा पुन्हा विभागलेली पाने दिसतात ती त्याची हंगामी बाजू. मुख्य वनस्पती जमिनीखाली असते. तिचे मूलक्षोड, म्हणजे आडवे वाढणारे खोड, दोन प्रकारच्या फांद्यांचे बनलेले असते. एक खोलवर जाणारी, पिष्ट साठवणारी, अर्धा मीटर किंवा त्याहूनही खाली. दुसरी वरच्या अंगाला, पानांचे डोळे वागवणारी. दोन्ही मिळून उतारभर जाळे विणतात. आपल्याला शंभर झाडे दिसतात, प्रत्यक्षात ते एकच झाड असू शकते, आणि त्याचे वय शेकडो वर्षांत मोजावे लागते.

माती उष्णतेची वाईट वाहक आहे. भुईवरची आग शेकडो अंशांची असली तरी ती पुढे सरकत जाते, एका जागी फार काळ थांबत नाही, आणि तिची धग मातीत पाच-सात सेंटिमीटर खाली जाईपर्यंत बरीचशी विझते. मोठा ओंडका तासन् तास धुमसत पडला तर गोष्ट वेगळी. त्याच्याखालची माती लाल होईपर्यंत भाजते, आणि तिथे पुढचा पावसाळाभर काहीच उगवत नाही. पण सुयांची आग झटक्याची असते. तेव्हा टेरिडियमची पाने जळतात, डोळे वाचतात, साठा शाबूत राहतो. वर सावली करणारी झुडपे नाहीशी झालेली, पोटॅश आणि चुना राखेतून मोकळा झालेला. मातीला ओल मिळाली की कोंब निघतात, गणपतीच्या सोंडेसारखे टोकाशी गुंडाळलेले, आणि उलगडत जातात. याला आग सोसणे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. पानाचे एक बोटभर टोकही आग सोसत नाही. टेरिडियम आगीपासून लपतो, आणि लपण्यात त्याच्याइतका तरबेज दुसरा कोणी नाही.

त्याच उतारावर दुसऱ्या तऱ्हेचे नेचे असतात. दगडांच्या कपारीत चंदेरी नेचा सापडतो. त्याच्या पानाची पाठ पांढऱ्या पिठुळ थराने माखलेली असते. सह्याद्रीत त्याचे भाऊबंद आहेत. पान मनगटावर दाबून पांढरा ठसा उमटवण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळलेला असेल. हा नेचा कोरड्या दिवसांत पान आत वळवून घेतो, पांढरी बाजू बाहेर करतो आणि वाळल्यासारखा पडून राहतो. पाऊस आला की काही तासांत टवटवीत. दुष्काळासाठी कमावलेली ही विद्या त्याला वणव्यातही उपयोगी पडते, पण खरे श्रेय जागेचे आहे. कपारीत पिरूल साचत नाही, म्हणून तिथे आगीला खायला काही नसते. ओलसर खाचांतला हंसराजही असाच, जागेमुळे वाचणारा.

तिसरा गट वाऱ्यावरून येतो. नेच्याला फूल नाही, बी नाही. पानाच्या पाठीवर बीजुके धरतात आणि ती धुळीहून हलकी असतात. ओल्या, उघड्या मातीवर बीजुक पडले की त्यापासून आधी नखाएवढा, पातळ, हृदयाकृती पूर्वकायक तयार होतो. तो नेच्यासारखा अजिबात दिसत नाही. त्यावर नर आणि मादी अवयव येतात, आणि नर पेशीला मादीपर्यंत पोहत जावे लागते. पाण्याचा एक पापुद्रा पुरतो, पण तो हवाच. वणव्यानंतर महिन्या-दीड महिन्यात मोसमी पाऊस लागणाऱ्या हिमालयात ही सोय आपोआप होते. पाचोळा जळून माती उघडी पडलेली, वरून संततधार, आणि प्रतिस्पर्धी थोडे.

उजाड जागी नेचे पुढे असतात ही गोष्ट जुनी आहे. १८८३ साली क्राकाटाऊ ज्वालामुखी फुटला आणि बेट राखेखाली गेले. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, मेल्खिओर ट्रॉइब हा डच वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे उतरला तेव्हा त्याला अकरा जातींचे नेचे भेटले आणि बेटाच्या आतल्या भागात त्यांचेच राज्य होते. त्याहून फार मागे, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्या काळच्या खडकांत, विशेषतः उत्तर अमेरिकेत, एका पातळ थरात परागकण जवळजवळ दिसत नाहीत आणि नेच्यांची बीजुकेच भरून राहिलेली आढळतात. आपण ज्या काळ्या पाषाणावर बसलो आहोत तो दख्खनचा लाव्हा त्याच सुमाराचा. नेच्यांच्या त्या थराचे कौतुक जरूर करावे. पण भूवैज्ञानिक त्या थराला जग सावरल्याची खूण मानत नाहीत. ते त्याला आपत्तीची खूण मानतात. नेच्यांचा सुकाळ झाला म्हणजे बाकीचे कोणी शिल्लक नव्हते, असे ते वाचतात. हीच वाचनपद्धत मला कुमाऊंच्या उतारावर हवी आहे.

मग तिथे कोण शिल्लक नाही? त्यासाठी चिडाच्या वनाची कड गाठावी लागते, जिथून बांज सुरू होतो. बांज म्हणजे हिमालयातला ओक. त्याच्या जोडीला बुरांश आणि काफळ ही झाडे. बांजाच्या जुन्या बुंध्यावर हिरव्या शेवाळाची गोधडी असते आणि तिच्यात नेच्यांची वसाहत: लेपिसोरस, ड्रायनेरिया, डॅव्हेलिया अशी नावे पुस्तकात सापडतील. पावसाळ्यात झाडाला जणू दुसरे झाड फुटते, हिवाळ्यात ते पिवळे पडते. या नेच्यांचीही मूलक्षोडे आहेत. पण ती सालीवर, उघड्यावर पसरलेली. वर मातीचा एक इंचसुद्धा नाही. चिडातून आलेली आग बांजाच्या कडेत शिरली आणि बुंध्याच्या शेवाळावरून एकदा वर चढून गेली की ही वसाहत संपते. बांज स्वतः मरतोच असे नाही. तो बुडाशी फुटवे काढतो, चाऱ्यासाठी फांद्या तोडून तोडून त्याला सवयच झालेली असते. तेव्हा दोन वर्षांनी उपग्रहातून बघणाऱ्याला तिथे हिरवे दिसेल, खालून बघणाऱ्याला बांजही दिसेल, आणि तरी त्या बुंध्यांवर शेवाळ नसेल. शेवाळ नाही म्हणून ओल नाही, ओल नाही म्हणून पूर्वकायक नाही, आणि वाऱ्याने आलेली बीजुके वाया. हे परतायला किती काळ लागतो ते आगीच्या जोरावर अवलंबून असते, पण तो काळ ऋतूंचा नसतो, वर्षानुवर्षांचा असतो.

दुसरी गैरहजेरी बांजाच्या रोपांची. बांजाचे फळ पिरुलावर पडले, रुजले, वीतभर रोप झाले आणि दोन वर्षांनी आग आली, तर ते संपते किंवा पुन्हा शून्यावर येते. चिडाचे रोप त्याच आगीतून निभावते. असे चार-पाच वेळा झाले की चिडाची हद्द वर सरकते. कोणी कुऱ्हाड चालवलेली नसते आणि कोणी चीड लावलेला नसतो, तरीही.

तिसरी गोष्ट मातीतच. कुजलेल्या पानांचा तो काळा, भुसभुशीत थर जळाला की पहिल्या जोरदार पावसात राख आणि माती दोन्ही नाल्यात जातात. नायट्रोजन तर आगीतच हवेत गेलेला असतो. राखेचा जो फायदा आपण गृहीत धरतो, त्यातला मोठा वाटा उतारावर थांबतच नाही.

आणि परत आलेल्यांची यादी बघा. कुसळी गवत, आपल्या माळावरचेच. त्याचे कुसळ ओल्या-सुक्या हवेबरोबर पीळ घेते आणि सोडते, आणि बी स्वतःला मातीत स्क्रूसारखे खुपसून घेते, म्हणून आगीतून वाचते. किल्मोडा, हिसालू, घिंघारू ही काटेरी झुडपे बुडातून फुटतात. घाणेरी, जिला कुमाऊंत कुरी म्हणतात, तीही बुडातून फुटते आणि आधीपेक्षा दाट फुटते. म्हणजे वणवा सरसकट सगळ्यांना मारत नाही. तो निवड करतो. ज्यांचे भांडवल जमिनीखाली आहे ते राहतात, ज्यांचे सालीवर, पाचोळ्यात किंवा कोवळ्या रोपात आहे ते जातात. दर खेपेला यादी थोडी आखूड होते आणि हिरवेपणा तेवढाच राहतो.

टेरिडियमबद्दल आणखी थोडे बोलले पाहिजे, नाहीतर त्याचे नुसतेच कौतुक केल्यासारखे होईल. तो विषारी आहे. त्यातल्या टॅक्विलोसाइड या द्रव्यामुळे, चारा नाही म्हणून तो बराच काळ खाणाऱ्या गुरांच्या मूत्राशयात गाठी होतात आणि लघवीतून रक्त जाते. हिमालयाच्या डोंगराळ भागात हा रोग पशुवैद्यांना चांगला माहीत आहे. कुमाऊंत लोक ज्या नेच्याच्या कोंबांची भाजी आवडीने खातात तो लिंगुडा वेगळा, ओहोळाकाठचा. जपान आणि कोरियात मात्र खुद्द ब्रॅकनचे कोंब खातात. जपानी स्वयंपाकात ते आधी राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात भिजवून त्यांचा दोष काढण्याची रीत आहे. विष कमी होते, पुरते जात नाही. शिवाय टेरिडियमची वाळलेली पाने दाट थर करतात. त्याखाली दुसऱ्यांची रोपे उगवत नाहीत, आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच थर पेटायला तयार असतो. आगीत लपून राहणारा पुढच्या आगीला सरपणही पुरवतो.

आता माणसे. आग मुळात लावतो कोण? चिडाच्या वनात वीज पडून लागणारी आग थोडी. बहुतेक आगी माणसाच्या हातून. काही निष्काळजीपणाच्या, काही खोडसाळ. पण गावाच्या बाजूने पाहिले तर त्यात हिशेबही असतो. पिरुलाखाली गवत गुदमरते, आणि तो इतका निसरडा असतो की गवताचा भारा घेऊन उतरणाऱ्या बाईचा पाय गेला तर ती थेट नाल्यात. जाळले की पावसात कोवळे गवत येते. कोकणात राब भाजणाऱ्या किंवा सह्याद्रीचा माळ पेटवणाऱ्या माणसाला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही.

या आगीला राजकीय इतिहासही आहे. १९११ ते १९१७ च्या दरम्यान ब्रिटिश सरकारने कुमाऊंची बरीच वने राखीव केली, आणि गावांचे चराईचे, लाकडाचे, जाळण्याचे हक्क आवळले. जानेवारी १९२१ मध्ये मकरसंक्रांतीच्या जत्रेत बागेश्वरला लोकांनी वेठबिगारीच्या वह्या शरयूच्या संगमात बुडवल्या. बद्रीदत्त पांडे हे त्या आंदोलनाचे पुढारी. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कुमाऊंची राखीव वने पेटली. रामचंद्र गुहांनी 'द अनक्वाएट वूड्स' या १९८९ च्या पुस्तकात एक गोष्ट दाखवून दिली: जळली ती मुख्यतः चिडाची वने, ज्यांत सरकारचा लाकडाचा आणि राळेचा धंदा होता. बांजाची वनेही सरकारच्याच ताब्यात होती, पण त्यांना हात लागला नाही. चारा, खत आणि पाणी बांजातून येते हे लोकांना ठाऊक होते. संतापाच्या भरातही त्यांनी कड सांभाळली. पुढे वनांविषयीच्या तक्रारींसाठी समिती बसली, आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम झाले.

आज ती कड सांभाळली जात नाही, आणि माझी खरी काळजी तिथे आहे. २०१६ मध्ये आग विझवायला वायुदलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली, २०२४ मध्ये पुन्हा आणावी लागली आणि भीमतालचे पाणी बादल्यांनी उपसून नैनीतालच्या वनांवर ओतले गेले. १३ जून २०२४ ला बिनसर अभयारण्यात आग विझवताना वनखात्याचे चार कर्मचारी होरपळून गेले. बिनसर हे बांज-बुरांशाचे वन. कोरडे हिवाळे, रिकामी होत चाललेली गावे, त्यामुळे न उचललेला पिरूल, आणि बांजापर्यंत पोचलेला चीड, हे सगळे एकत्र आले की असे होते.

आग अजिबात लागू नये, हा माझा आग्रह नाही. तो प्रयोग इंग्रजी वनखात्याने करून पाहिला आणि साठलेल्या पिरुलापुढे हात टेकले. मग खात्यानेच हिवाळ्यात, गारठ्यात, मुद्दाम जाळण्याची पद्धत स्वीकारली. चिडाच्या वनाला आग नवी नाही. प्रश्न दोन आगींमधल्या वर्षांचा आहे. टेरिडियमला दरवर्षी आग आली तरी चालते. बांजाच्या रोपाला सलग काही वर्षांची उसंत लागते, बुंध्यावरच्या शेवाळाला त्याहून जास्त. म्हणून एखाद्या उताराचे वणव्यानंतर काय झाले हे ठरवताना मी हिरवळीचा निर्देशांक शेवटी बघेन. उपग्रहाच्या त्या आकड्याला नेचा आणि ओक यांतला फरक कळत नाही. आधी गुडघ्याएवढी बांजाची रोपे मोजेन, मग बुंध्याची सावलीकडची बाजू पाहीन, मग पाचोळा बाजूला करून मातीत बोट घालेन. हे काम वनपंचायतीतला कोणीही दहावी शिकलेला मुलगा करू शकतो. त्याला यंत्र लागत नाही, एक वही लागते.

अल्मोड्याजवळ शीतलाखेतच्या परिसरात गावांनी मिळून असे काही केले आहे. शेताच्या बांधावरचे तण जाळायचे ते मार्च संपायच्या आत, वारा सुटण्यापूर्वी, आणि १ एप्रिलला 'ओण दिवस' पाळायचा. एरवी आग दिसली की बायाच आधी पोचतात. तिथे बांज पुन्हा वर येतो आहे, आणि तो कोणी खड्डे खणून लावलेला नाही. नुसती उसंत दिलेली आहे.

पण उसंत फुकट नसते. पाच वर्षे उतार जाळला नाही तर पाच वर्षे गवत कमी, आणि निसरड्या पिरुलावरून भारा उतरवायचा तो बाईनेच. मे २०२४ मध्ये उत्तराखंड सरकारने पिरूल किलोला ५० रुपयांनी विकत घेण्याची घोषणा केली. आधीचा दर तीन रुपये होता. त्या ५० रुपयांच्या दराने सरकार कुठवर आणि किती पिरूल घेईल याविषयी मला तेव्हाच शंका होत्या, कारण चार लाख हेक्टरांवरचा पिरूल कोणाच्याच्याने उचलून होणार नाही. मात्र सगळा उचलायची गरजही नाही. बांज आणि चीड जिथे भेटतात ती कड तेवढी साफ ठेवायची, आणि ती साफ ठेवणाऱ्या गावाला गवताची भरपाई द्यायची. ती कड कुठून कुठवर जाते हे नकाशावर काढायला दूर जावे लागणार नाही, प्रत्येक गावातल्या गवत कापणाऱ्या बायकांना ती तोंडपाठ आहे. त्यांना विचारून अंदाजपत्रक करायला कोणी बसले, तर चर्चेला सुरुवात त्या आकड्यापासून करता येईल.